राजाच्या काळातली कॅसेट

आशिया खंडातल्या लोकशाहीच्या लढ्यात आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा वाटा मोलाचा आहे. हे वाक्य माझं नाही, खुद्द अध्यक्षांचं आहे. कोरियात निवडणुका झाल्याची बातमी आली त्या वर्षापासून पुढे बऱ्याच गणेशोत्सवांत ते त्यांनी व्यासपीठावरून म्हटलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर हसणं सोडलं. वाटा होता. फक्त तो त्यांना वाटत होता तिथे नव्हता.

गोष्ट त्याआधीची, चौऱ्याऐंशी सालची. आम्ही अमेरिकेत, सांता क्लाराला, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि मंडळाची सगळ्यात मौल्यवान मालमत्ता आमच्या कपाटात, व्हॅक्यूम क्लीनर आणि गणपतीचं थर्मोकोलचं मखर यांच्या मधोमध, ठेवलेली असे. एक व्हिडिओ मशीन आणि त्याच्या जोडीचा टीव्ही. भारतातून आणलेल्या कॅसेट अमेरिकन मशीनवर चालत नसत. चित्राची पद्धत वेगळी. घातलीच तर राखाडी पट्टे सरकत राहायचे आणि त्यामागून कुणीतरी संवाद म्हणत असल्याचा भास व्हायचा. म्हणून मंडळानं वर्गणी काढून दोन्ही पद्धती चालतील असं मशीन घेतलं होतं. त्यावर आम्ही शनिवारी नाटकं बघत असू. मला साहित्य-सचिव म्हणत. त्या पदाचा वाङ्मयाशी काही संबंध नव्हता. सतरंज्या, समया आणि हे मशीन एवढंच माझं साहित्य.

मशीनबाबत मंडळाचा एक ठराव होता. ते चालू असताना कार्यकारिणीचे किमान दोन सभासद हजर पाहिजेत, आणि ज्याच्या घरी मशीन आहे तो त्यात धरायचा नाही. या ठरावामागे इतिहास होता. काही सड्याफटिंग सभासदांनी कीर्तनाची कॅसेट बघायची म्हणून मशीन नेलं होतं आणि कीर्तनाला एवढी गर्दी कशी, असा प्रश्न कुणाच्या तरी बायकोला पडला होता. तेव्हापासून आमचा एकमेकांवर विश्वास होता, पण तो दोन साक्षीदारांसमोर.

आमच्या शेजारी एक कोरियन जोडपं राहायचं. तो एका कारखान्यात लेथवर होता. ती चिप्सच्या कंपनीत दिवसभर सूक्ष्मदर्शकातून सर्किटं तपासायची. दोन वर्षांत आमचं बोलणं गाड्या लावायच्या छपराखाली, बॅटरी आणि टायर यांच्यापलीकडे गेलेलं नव्हतं. एके दिवशी त्यानं मला तिथेच गाठलं आणि विचारलं, शनिवारी भिंतीतून हसण्याचा आवाज येतो तो कशाचा. मला वाटलं तक्रार आहे. मी माफी मागितली. तक्रार नव्हती. इंडियातल्या कॅसेट तुम्हाला इथे दिसतात कशा, हे त्याला हवं होतं.

मी मशीनबद्दल सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता, पण त्याला ते सगळं आधीच ठाऊक असावं असं मला वाटलं. मग म्हणाला, त्याची बहीण जर्मनीत नर्स आहे, तिनं एक कॅसेट पाठवली आहे. जर्मनीची पद्धत आणि भारताची पद्धत एकच. म्हणजे यानं चौकशी करून ठेवली होती.

कसली कॅसेट, मी विचारलं.

“जुन्या काळचा सिनेमा. राजाच्या काळातला. गावातली साधी माणसं, दुष्काळ, मग दंगा.”

मी म्हटलं, कॅसेटची पद्धत बदलून देणारी दुकानं आहेत की, तुमच्या लोकांचीच आहेत. तो म्हणाला, दुकानात माणसं असतात. पुढचे प्रश्न त्यानंच विचारले. त्यांच्या वकिलातीत माझ्या ओळखीचं कुणी आहे का. ऑफिसात माझा साहेब कोरियन आहे का. मी कुठल्या चर्चला जातो. मी हिंदू आहे म्हटल्यावर तो जरा सैलावला. त्या कारणानं कुणी सैलावलेलं मी अमेरिकेत पहिल्यांदाच पाहिलं.

मग मी त्याला दोन सभासदांचा ठराव सांगितला. त्याचा चेहरा पडला. तो निघून गेला. आठवडाभरानं परत आला तो बायकोला घेऊन. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कामावर ती सर्किटं अशीच बघत असणार. मग नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, “चालेल. पण ते दोघं कोण आहेत, आधी सांगा.”

ते दोघं म्हणजे अध्यक्ष आणि खजिनदार. अध्यक्ष व्यवसायानं भूलतज्ज्ञ होते आणि भाषणंही करत. आणीबाणीशी आपण कसे लढलो, हे ते दर वर्षी पंधरा ऑगस्टला सांगायचे. आणीबाणीत ते ओहायोत होते. तिथून त्यांनी एका वर्तमानपत्राला पत्र पाठवलं होतं. ते छापून आलं नाही, ही त्यांच्या लेखी दडपशाही होती. खजिनदार नागपूरचा, वयानं माझ्याहून लहान, त्याचं ग्रीन कार्ड अजून प्रोसेसमध्ये होतं आणि त्यामुळे त्याला प्रत्येक बंद दारामागे इमिग्रेशनचा माणूस दिसायचा.

मी दोघांना फोन केले. अध्यक्षांनी आधी विचारलं, तो उत्तरेचा आहे की दक्षिणेचा. दक्षिणेचा, म्हटल्यावर विचारलं, कशावरून. खजिनदाराला सिनेमाच्या जातीबद्दलच शंका होती. “भाऊ, राजाच्या काळातला म्हनते, अन् दुकानात काहून नेत नाही? मागं ते कीर्तनही असंच होतं.” मी म्हटलं, सोबत त्याची बायको येणार आहे. तो म्हणाला, मग तर अजूनच लफडं वाटते. शेवटी असं ठरलं की त्या माणसाला नाही म्हणण्यासाठी तरी कॅसेट बघणं गरजेचं आहे.

रविवारी दुपारी सगळे जमलो. शेजाऱ्यांनी मोठमोठ्या पेअर्सची पेटी आणली होती, एकेक नारळाएवढी. आत येताच त्याच्या बायकोनं पडदे ओढायला सांगितलं. खजिनदारानं माझ्याकडे पाहिलं. आमची मुलं पोहायला गेली होती. माझ्या बायकोनं चहा ठेवला, पोहे केले, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचा या सगळ्यावरच विश्वास नव्हता. आमच्यावर सगळ्यात कमी.

सिनेमा सुरू झाला. तो खरोखरच राजाच्या काळातला निघाला. कौलारू घरं, पांढरे कपडे घातलेली माणसं, एक जाडा अंमलदार, आणि एक धान्याचं कोठार, ज्याच्यासमोर माणसं उभी असायची आणि जे उघडत नसे. एका म्हातारीला धक्का मारतात, तिचा मुलगा मध्ये पडतो, त्याला फटके मारतात. खाली भाषांतर नव्हतं. शेजारी मधूनमधून एखादं वाक्य इंग्रजीत सांगायचा, तेही नाइलाजानं. बाकीचं अध्यक्ष आम्हाला मराठीत समजावत होते. हा सुभेदार, ही त्याची दुसरी बायको, हा फितूर. तो फितूर नंतर नायक निघाला. खजिनदार सरसावून बसला होता. एक बाई नदीवर गेली तेव्हा तो अजून पुढे सरकला. तिनं कपडे धुतले आणि ती घरी गेली.

मला खटकत होतं ते वेगळंच. इतकी खटपट करून ज्यांनी हा सिनेमा इथवर आणला, ते दोघं सिनेमा बघतच नव्हते. तो आमच्याकडे बघत होता आणि ती मशीनवरच्या आकड्यांकडे.

तासाभरानं अध्यक्षांच्या कमरेचा पेजर वाजला. ते त्या दिवशी ऑन कॉल होते. त्यांनी स्वयंपाकघरातून हॉस्पिटलला फोन केला, उरलेले पोहे उभ्याउभ्या संपवले, “उद्बोधक चित्रपट आहे, मला गोष्ट नंतर सांगा,” असं म्हणून ते कुणाला तरी झोपवायला निघून गेले.

त्यांची गाडी गेल्याचा आवाज आला आणि खजिनदार उठला. म्हणाला, आता एकच सभासद राहिला, ठरावाप्रमाणे मशीन बंद करावं लागेल. तो खरंच मशीनकडे निघाला. ठरावाचा त्याला एवढा पुळका कधीच नव्हता. घरी जायला कारण मिळालं होतं. मी शेजाऱ्याला इंग्रजीत सांगितलं, माफ करा, आमचा असा नियम आहे. तो मला म्हणाला, “आता नको. आत्ता नको थांबवू. प्लीज.” आणि त्याची बायको उठून मशीन आणि खजिनदार यांच्या मध्ये उभी राहिली. साडेचार-पाच फुटांची बाई. खजिनदार थबकला.

तेवढ्यात दारातून माझी बायको म्हणाली, “मला घ्या की समितीत. एकशे एक मोदक वळायचे असले की घेता ना?”

“वहिनी, तसं नाही, घटनेत—”

“घटनेत मोदक कुठे आहेत? बसा तुम्ही.”

ती आत येऊन सोफ्यावर बसली आणि अशा रीतीनं कार्यकारिणीत दाखल झाली. खजिनदार बसला. सिनेमात गावकरी एकदाचे कोठाराकडे निघाले होते. हातात कोयते, कुदळी, कुणाकडे नुसतीच काठी. पुढच्यानं दाराला हात लावला आणि चित्र तुटलं.

थोडा वेळ नुसता पांढरा भुरभुराट. मग दुसरंच चित्र सुरू झालं. रंग वेगळे, आवाज जर्मन, सपाट, बातम्या वाचल्यासारखा. रस्ता. खूप माणसं. काही धावत होती, काही नुसती उभी होती. एक जळालेली गाडी. शिपाई.

खजिनदार हळूच म्हणाला, “भाऊ, हे काही राजाच्या काळातलं नाही. बस आहे त्याच्यात.”

शेजारी म्हणाला, हे चार वर्षांपूर्वीचं आहे, त्यांच्या देशाच्या दक्षिणेतल्या एका शहरातलं. लष्करानं ते शहर बंद केलं होतं. नंतर सरकारनं सांगितलं, काही गुंडांनी दंगा केला होता, तो संपला. याच्यापलीकडे त्यांच्या देशात कुणी काही छापलं नव्हतं, आणि बोलणाऱ्यांना बोलावणं येत होतं. परदेशी माणसांनी काढलेली ही चित्रं जर्मनीत टीव्हीवर दाखवली गेली. बहिणीनं ती सिनेमाच्या कॅसेटवर, मधूनच, उतरवून घेतली. कुणी घालून पाहिली तर तासभर राजाच दिसावा म्हणून.

खजिनदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. यापेक्षा नदीवरच्या बाईनं कपडे काढले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण तो उठला नाही. का उठला नाही, हे त्यालाही पुढे सांगता आलं नाही.

शेजाऱ्यानं उरलेलं तुकड्यातुकड्यानं सांगितलं, डोळे टीव्हीवरच ठेवून. त्याचा धाकटा भाऊ. शेतकी शाळेत होता. सायकलची चेन आणायला म्हणून गावाहून त्या शहरात गेला, तो आला नाही. वडील चौकशीला गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, तुमचा मुलगा त्या दिवसांत शहरात नव्हताच, कुठेतरी पळाला असेल, आणि पुन्हा विचारायला येऊ नका. घरी आई-वडील दोघंच. आई अजून म्हणते, तो गेला तेव्हा त्यानं नीट खाल्लं नव्हतं. भाऊ त्या शहरात होता की नव्हता, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मग आम्ही सगळेच चेहरे शोधायला लागलो. ज्याला शोधायचं त्याला आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं, तरी शोधत होतो.

शिपाई गेल्यानंतरचा काही भाग होता. रस्त्यावर बायकांनी चुली मांडल्या होत्या. मोठाल्या पातेल्यांत भात, त्याचे हातानं घट्ट वळलेले मुटके करून त्या येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना देत होत्या. माझी बायको पुढे वाकली. मघाशी ती राजाच्या सिनेमात एकदाही वाकली नव्हती. एक ट्रक येऊन थांबला. मागे पाय सोडून पोरं बसली होती. बायकांनी त्यांच्या हातात भात दिला.

शेजाऱ्याची बायको ओरडली नाही. तिनं उठून काचेवर बोट ठेवलं.

मी चित्र थांबवलं. थांबवलं की ते थरथरायचं. एक मुलगा, तोंड अर्धं वळलेलं, कान आणि गाल दिसत होता. नवरा-बायकोत बोलणं सुरू झालं, हळू आवाजात, पण भांडण असावं तसं. ती हो म्हणत होती, तो नाही म्हणत होता, हे भाषा येत नसली तरी कळत होतं. त्याला हो म्हणायची भीती वाटत होती, हेही. मी मागे नेलं, पुढे नेलं, पुन्हा मागे.

“तो डाव्या हातानं खातोय,” माझी बायको म्हणाली.

मी ते इंग्रजीत सांगितलं. शेजारी म्हणाला, त्यावरूनच भावाला घरी मार बसायचा.

आता खजिनदार बोलला. मला वाटलं, तो घरी जायचं म्हणणार. पण तो हाडाचा इंजिनिअर होता आणि संशय हा त्याचा स्वभाव होता. चित्र उलट छापलं गेलं असेल तर उजवा हात डावा दिसतो, असं तो म्हणाला. मागं दुकानाची पाटी आहे, ती वाचता येते का विचारा. शेजाऱ्यानं काचेला नाक लावून पाटी वाचली. अक्षरं सरळ होती. शिंप्याचं दुकान होतं.

त्यानंतर शेजाऱ्यानं नाही म्हटलं नाही. पुढे उरलेलं सगळं पाहिलं, झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्यांच्या रांगा होत्या तेही. त्यांत चेहरे नव्हते. कॅसेट संपली. माझ्या बायकोनं पुन्हा चहा केला. तिघांनीही, मी, तिनं आणि खजिनदारानं, हे कुणाजवळ बोलायचं नाही असं कबूल केलं. अध्यक्षांजवळही नाही. खजिनदार म्हणाला, भाऊ, मी तर आज इथं आलोच नव्हतो.

दोन-तीन आठवड्यांनी छपराखाली शेजारी भेटला. त्यानं घरी फोन केला होता. तिकडे फोन ऐकतात अशी त्याची खात्री होती, म्हणून त्यानं आईला सिनेमाची गोष्ट सांगितली. राजाच्या काळातला अमुक सिनेमा पाहिला, त्यात गावात गोंधळ होतो, पण धाकटा मुलगा असतो ना, त्याला बायका भात देतात, तो खातो.

आई म्हणाली, तो सिनेमा मी पाहिलाय. सरकारी गाडीवाल्यांनी गावात चादर लावून दाखवला होता. त्यात असं काही नाही.

लाइनवर खरखर होत होती. मग आई म्हणाली, “मला मध्ये डुलकी लागली असेल. पुन्हा सांग. बसून खात होता की उभ्यानं?”

“बसून. ट्र... बैलगाडीच्या मागे बसून.”

“पोटभर दिला होता?”

“मोठा मुटका होता, आई.”

“कुठल्या हातानं खात होता?”

“डाव्या.”

आई म्हणाली, “असल्या सिनेमांत पोरांना वळण लावत नाहीत,” आणि हवापाण्याचं विचारून तिनं फोन ठेवला.

हे सांगून तो टायरमधली हवा बघायला लागला. मीही माझ्या टायरमधली बघितली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दारात एक माणूस आला. करड्या सुटातला, नम्र, हातात जिनसेंगच्या चहाचा डबा. कुठल्याशा कोरियन सांस्कृतिक संस्थेचा आहे म्हणाला. त्याच्या कार्डावर पत्ता नव्हता, फक्त फोन नंबर. इथल्या इंडियन लोकांना ऐतिहासिक सिनेमे आवडतात असं ऐकलं, आणि तुमच्याकडे एक खास मशीन आहे असंही ऐकलं. त्यावर युरोपातल्याही कॅसेट चालतात का?

कुणाकडून ऐकलं, हे मी विचारलं नाही. संशयाची चक्रं फिरली. आधी मला खजिनदार आठवला, मग अध्यक्ष, मग माझीच बायको, आणि तिच्या नजरेवरून तिला मी आठवलो असणार. मी त्या माणसाला ठराव सांगितला. मशीन बघायचं असेल तर लेखी अर्ज लागेल, तो कार्यकारिणीपुढे जाईल, कार्यकारिणी संक्रांतीनंतर बसते. तो हसला, वाकून नमस्कार केला आणि गेला. डबा दाराशीच राहिला. आम्ही तो चहा प्यायलो नाही.

मी शेजाऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो माझ्यावर संशय घेईल. घेतला असावा. पण म्हणाला एवढंच, “मी इथे आहे. माझ्या चौकशीनं मला काही होत नाही. आई-वडील तिथे आहेत.”

करड्या सुटानं मग सरळ अध्यक्षांना फोन केला. तो सिनेमा, राजाच्या काळातला, संस्थेकडे आहे. प्रोजेक्टर, पडदा, सगळं आमचं, तुम्ही फक्त माणसं जमवा. मंडळाची दखल परदेशी संस्थेनं घेतल्याची ही पहिलीच वेळ होती. अध्यक्षांनी शाळेचा हॉल घेतला आणि कार्यक्रमाला आशियाई संस्कृती संध्याकाळ असं नाव दिलं. मी त्यांना जाऊन भेटलो. म्हटलं, डॉक्टर, आपण माझ्या घरी जो सिनेमा पाहिला त्याचा उल्लेख भाषणात करू नका. का, त्यांनी विचारलं. का, ते मला सांगता येत नव्हतं. म्हटलं, ठरावाचा तांत्रिक प्रश्न आहे, आपण मध्येच उठून गेला होता. ते म्हणाले, “अहो सचिव, मोठ्या गोष्टींच्या वेळी असले बारीक प्रश्न काढू नयेत.”

हॉल भरला. समोसे होते. करडा सूट पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी. आमचे शेजारी आले नाहीत. सिनेमा या वेळी शेवटपर्यंत दाखवला. गावकरी कोठाराचं दार उघडतात तेवढ्यात राजा स्वतः येतो, अंमलदाराला पदावरून काढतो, सगळ्यांना माफ करतो आणि धान्य वाटतो. शेवटी पीक डोलताना दिसतं. लोकांना आवडला.

अध्यक्ष आभार मानायला उठले. शाल सावरली. इंग्रजीत सुरुवात केली. या चित्रपटाशी आपला जुना ऋणानुबंध आहे, म्हणाले. सामान्य जनता जागी होते तेव्हा काय घडतं, हे त्यातून आपल्याला फार पूर्वीच कळलं होतं. “कारण हा चित्रपट मी याआधीच पाहिलेला आहे.”

खजिनदार माझ्यामागे बसला होता. त्याचा श्वास मला मानेवर लागला.

करड्या सुटानं बसल्या जागेवरून, हसतमुखानं, विचारलं, “फार आनंद झाला. कुठे पाहिलात, डॉक्टर? अमेरिकेत हा आजच पहिल्यांदा दाखवला.”

सगळा हॉल अध्यक्षांकडे बघत होता. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एका साहित्य-सचिवाच्या दिवाणखान्यात, पोहे खात, तोही अर्धाच, हे दोनशे लोकांसमोर सांगायचं होतं. माझ्या बायकोनं माझं मनगट धरलं. ते सांगणार, शेजाऱ्याचा उल्लेख करणार आणि वर त्याचे आभार मानणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

“सेऊलमध्ये,” अध्यक्ष म्हणाले. “भूलतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद होती. आम्हा पाहुण्यांसाठी खास खेळ ठेवला होता.”

टाळ्या वाजल्या. करड्या सुटानं विचारलं, कुठल्या थिएटरात?

“अंधार होता,” अध्यक्ष म्हणाले, आणि समोसे करणाऱ्या भगिनींच्या आभाराकडे वळले.

करडा सूट त्यानंतर आमच्याकडे आला नाही. मशीनबद्दल कुणी विचारलं नाही, आणि शेजाऱ्याच्या आई-वडिलांकडेही कुणी गेलं नाही. दर फोनला आई कुठला नवा सिनेमा पाहिलास का विचारायची, एवढंच. भावाचा पत्ता पुढे लागला की नाही, मला माहीत नाही; ते लॉस अँजेलिसकडे राहायला गेले तोपर्यंत लागला नव्हता. त्या संध्याकाळचं मी शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं ते सगळं दोनदा ऐकून घेतलं. म्हणाला, तुमचे अध्यक्ष फार धीराचे आहेत, इतक्या लोकांसमोर त्या माणसाला उलट उत्तर द्यायचं. मी त्याला काही समजावून सांगितलं नाही.

अध्यक्ष सेऊलला कधीच गेले नव्हते. एकदा टोकियोला त्यांचं विमान तीन तास थांबलं होतं, पण कुणाला बाहेर सोडलं नव्हतं.